काळ्या पँटींचा निळा दोरा

"याला काळा म्हणतात?" हॉटेलच्या मॅनेजरने पँटचा पाय सुनेच्या नाकापुढे धरला.

पँटची खालची दुमड आतून शिवतात, त्यामुळे बाहेर दिसतो तो बॉबिनचा दोरा. वेटरांच्या चाळीसच्या चाळीस काळ्या पँटींना तो गडद निळा होता. सुनेने कपाळावर हात मारला. बघायचं काय त्यात? असं तिसऱ्यांदा होत होतं.

"शुक्रवारपर्यंत उसवून नीट करा. पुन्हा झालं, तर काम दुसरीकडे जाईल."

घरातली निम्मी चूल त्या हॉटेलवर पेटत होती. मॅनेजरची पाठ वळताच सुनेच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"बॉबिनी कोणी भरल्या, आई?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या.

"मग? काळं-निळं कळत नाही?"

"चुकलं गं."

या 'चुकलं गं'नेच तिचं डोकं फिरायचं. भांडायलासुद्धा समोर कुणी धड नको का? सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून बॉबिनी भरत, सुया ओवून ठेवत. सुनेला मान वर करायला फुरसत नसे. फळीवरचं रीळ काढून त्यांच्या पुढ्यात टाकायचं, की पुन्हा मशीन सुरू. मागे एकदा सासूबाई एका रिळाबद्दल काहीतरी बोलायला गेल्या होत्या. "तुम्ही फक्त भरा, डोकं माझं चालू द्या," म्हणून तिने त्यांना गप्प केलं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय उगाच? इथे तर सत्तरी उलटलेली.

"उद्या तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. कारणं सांगायची नाहीत."

"उद्या कशाला? आजच जाऊ," म्हणत सासूबाई चपला घालून उभ्याही राहिल्या. साध्या तापाला औषध नको म्हणणारी बाई ही!

दवाखान्यात दीड तास मोडला. घरी चाळीस पँटी उसवायच्या पडल्या होत्या आणि इथे नंबर काही येत नव्हता. शेवटी आला, तर सासूबाईंचं नवीनच.

"तूही आत चल. मला एकटीला भीती वाटते."

आता हेही! सून चरफडत आत गेली.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत अक्षरं घडाघडा वाचली. शेवटची ओळ संपली, तशी कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं.

डॉक्टर हसले. "आजी, तुम्ही आलात तरी कशाला?"

सासूबाई उठल्या. सुनेचा दंड धरून त्यांनी तिला त्या खुर्चीवर बसवलं.

"ही एरवी आलीच नसती, डॉक्टर. बॉबिनी मी भरते, पण रीळ हीच काढून देते."