रोजचा भाव

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अण्णांनी जन्मभर विश्वास ठेवला तो फक्त शेअरवर. लेकाने सगळी शिल्लक बिटकॉइनमध्ये ओतली, तेव्हा "हवेतल्या नाण्यावर संसार करणार का रे?" म्हणून ते असे गरजले, की दुकानातली बंद पडलेली घड्याळंसुद्धा चालू झाली. लेक बॅग उचलून निघून गेला, त्याला आता दोन वर्षं झाली. फोन नाही की पत्ता नाही.

अण्णा मात्र रोज सकाळी चहाच्याही आधी मोबाइलवर बिटकॉइनचा भाव बघतात. शेवटी बायकोने टोमणा मारलाच, "अहो, स्वतःचे शेअर सोडून हे काय? चोरून घेतलंत वाटतं तुम्हीही?"

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.



"भाव चढलाय गं आज. पोरगा पोटभर जेवला असेल."