शेवटाचा फोटो

"दहापैकी नऊ गुण," प्रवीणनं मोबाईलवरून वाचून दाखवलं. "तिसऱ्या टप्प्यातला राक्षस अंगावर काटा आणतो. आणि शेवट डोळ्यांत पाणी आणतो."

वाचताना त्याचं तोंड नासकं दूध प्याल्यासारखं झालं होतं.

देशपांडे नगरातल्या त्या खोलीत चौघंच होती. प्रवीण, 'डाव' या व्हिडिओ गेमच्या मासिकाचा संपादक. समोर मालक सदाशिवअप्पा. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, आणि हौस म्हणून हे मासिक. त्यांच्या शेजारी पुतण्या संदीप, गेमची वेबसाइट चालवणारा. कोपऱ्यातल्या टेबलाशी, नेहमीसारखी सगळ्यांकडे पाठ करून, वनिता. 'डाव'मधली निम्मी परीक्षणं तीच लिहायची.

छापील अंक बंद होणार, यावर आता वाद नव्हता. शेवटच्या अंकाचे गठ्ठे दाराशी पडले होते आणि स्टॉलवाले फोनसुद्धा उचलत नव्हते. प्रश्न उरला होता तो नावाचा. 'डाव' हे नाव संदीपच्या साइटला द्यायचं, की अंकाबरोबर संपवून टाकायचं? अप्पा आज काय ते सांगणार होते.

प्रवीणसाठी नाव म्हणजे समोरची भिंत. खेळ शेवटापर्यंत खेळल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही, असा 'डाव'चा नियम होता. पुरावा म्हणून फोटो लागायचा. पडद्यावर खेळाचा शेवट आणि त्याच फोटोत खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर. इंटरनेटवरून उचललेलं चित्र चालायचं नाही. फोटो आला की प्रवीण तो स्वतः डिंक लावून त्या भिंतीवर चिकटवायचा. भिंत छतापर्यंत भरली होती. कॉलेजची पोरं ती बघायला केशवापुरातून यायची. वनिताचे फोटो लांबूनही ओळखू यायचे. तिच्या कंट्रोलरची पकड झिजली होती, म्हणून तिनं तिथं अप्पांच्या दुकानातली पोपटी खणाची चिंधी गुंडाळली होती.

आणि संदीपची साइट? तिथं सकाळी आलेल्या खेळाचं परीक्षण संध्याकाळी हजर. वर कंपनीची जाहिरात, खाली त्याच कंपनीला नऊ गुण. लोकांच्या उष्ट्या पत्रावळी चाटून ढेकर देता रे, असं प्रवीण त्याला तोंडावर म्हणायचा, आणि परीक्षणं यंत्राकडून लिहून घेतो असं सगळीकडे सांगायचा. संदीप हसायचा. त्या हसण्याचीच प्रवीणला जास्त किळस यायची.

"बरं लिहिलंय की," अप्पा म्हणाले.

"छान लिहिलंय. पण असा खेळच नाही, अप्पा."

मग त्यानं सगळं सांगितलं. कंपनी त्यानंच रचली होती. खेळाचं नाव त्याच्या डोक्यातलं. चार चित्रं त्यानं स्वतः रंगवली आणि एका पानाच्या माहितीसकट संदीपच्या साइटला मेल केली. या कानाची त्या कानाला खबर लागू दिली नाही. खेळून बघायला खेळ कुठून घ्यायचा, ते माहितीत मुद्दाम लिहिलंच नव्हतं. कुणी तेवढं विचारलं असतं, तरी त्याचं पितळ उघडं पडलं असतं. कुणी विचारलं नाही. आठवड्याच्या आत नऊ गुण आले. राक्षससुद्धा आला, जो प्रवीणनं रचलाच नव्हता.

वनिताचं टायपिंग थांबलं होतं.

"साकु," अप्पा कानडीत म्हणाले. "पुरे झालं, संदीप. फाटका तागा मी चांगला म्हणून विकला असता, तर पेठेत कुणी दारात उभं केलं असतं का मला? नाव मिळायचं नाही तुला." ते उठले. दाराशी जाऊन त्यांनी एक चप्पल पायात सरकवली.

प्रवीणला वाटलं, आता खुशाल बंद पडू दे. निदान स्वच्छ बंद पडेल.

संदीप वरमला नाही. मी कुठं लिहितो, तो म्हणाला, मी माणसांकडून लिहून घेतो. लिहिणाऱ्यानं मलाही फसवलं म्हणायचं. यंत्राकडून लिहून घेतो असा बोभाटा तुम्हीच केलात. उलट माणूस पारखून घेतला होता. आणि लिहिणाऱ्याचं नाव मी सांगणार नव्हतो, पण आता अब्रूच काढताय तर बघाच.

"नियमसुद्धा तुमचाच ठेवलाय, प्रवीणअण्णा," तो म्हणाला. "फोटो साइटवर टाकत नाही, पण तो आल्याशिवाय मी परीक्षण छापत नाही."

त्यानं मोबाईल टेबलावरून पुढं सरकवला.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत 'द एंड'. घरी बसून कुणीही टाईप करावीत अशी अक्षरं. आणि पुढं, हातात धरलेला कंट्रोलर. पकडीला पोपटी खण.

प्रवीणनं फोटो मोठा केला. लहान केला. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं. वरच्या रांगेत पोपटी. मधल्या रांगेत पोपटी. खिडकीपाशी, दाराच्या वर, जिथं डिंक वाळून कागद वाकला होता तिथंही पोपटी. प्रत्येक शेवटापुढं तोच हात.

अप्पा एका पायात चप्पल घालून तसेच उभे होते.

वनितानं खुर्ची वळवली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, लाजही नव्हती. दुसऱ्या कुणी खेळलेल्याचा व्हिडिओ लावायचा, ती सांगू लागली, शेवट आला की थांबवायचा आणि पुढं कंट्रोलर धरायचा. या वेळी व्हिडिओ कुठं सापडला नाही, म्हणून अक्षरं टाईप करावी लागली. एवढाच काय तो जास्तीचा त्रास.

भिंतीवरची नजर न काढता प्रवीणनं विचारलं, "ह्यातले खेळलीस किती?"

"हे आज पहिल्यांदा विचारताय, अण्णा," वनिता म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही फोटोच मागत होता."