विधान, आधार, अर्थ

"अण्णा, मी तुमची मुलगी, शाल्मली," दुधाचा पेला पुढे करत ती म्हणाली.

हेरवाडकर सरांनी तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. जन्मभर त्यांनी मुलांना कवितेचं रसग्रहण शिकवलं होतं. आधी विधान, मग कवितेतला आधार, शेवटी अर्थ, की झाला परिच्छेद. आता आठवणीतून घरातली माणसं पुसली गेली होती, हे तेवढं शिल्लक होतं.

"हे झालं विधान. आधार?"

तिनं त्यांचं बोट आपल्या भुवईवरच्या खुणेवर टेकवलं. "सायकल शिकवताना तुमचा हात सुटला, तेव्हाची."

"अर्थ?"

"पुन्हा कधी तुम्ही सायकलवर बसला नाहीत. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागलं होतं, अण्णा."

सरांचे डोळे चमकले. ओळखलं यांनी, तिला वाटलं.

"शाब्बास! परिच्छेद जमला." तिच्या पाठीवर थाप देत ते म्हणाले, "घरी जाऊन वडिलांना दाखव. खूश होतील."