धुराची तपासणी

जालिंदरची पंचवीस वर्षांची मोटार धुराच्या तपासणीत तिसऱ्यांदा नापास झाली. फिल्टर बदलून झाला, प्लग बदलून झाले, कार्बोरेटर धुऊन झाला.

"तुझं मशीनच बिघडलंय," तो होटगी रोडवरच्या पीयूसीवाल्या दिपकला म्हणाला.

दिपकला ते लागलं. त्यानं सायलेन्सरमधली नळी काढली, पुसली आणि जालिंदरपुढं धरली. "फुंका, काका. माणूस पास झाला की मशीन बरोबर."

जालिंदरनं छाती भरून फुंकलं आणि मग बराच वेळ खोकत राहिला. आकडा गाडीपेक्षा जास्त आला.

"बघ, म्हटलं नव्हतं?" तो खोकतच म्हणाला. "माणसालाबी नापास करतंय."

गाडीत बसलेली त्याची बायको भीमाबाई खाली उतरली. तिनं पदरानं नळी पुसली आणि फुंकली. आकडा शून्य.

मग भीमाबाईनं गाडीची किल्ली दिपकच्या हातात दिली आणि रस्त्यावरची रिक्षा थांबवली.

"आन् गाडी?" जालिंदरनं विचारलं.

"राहू द्या हितंच. तुमच्यापरास बरी हाय ती," ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला तिनं दवाखान्याचा पत्ता सांगितला.