स्लॅब मध्येच थांबत नाही

स्लॅब पडायला लागला की साइटवरचे सगळे फोन साहेबांच्या केबिनमधल्या बादलीत जात. नियम साहेबांचाच. त्यांनी अकरा इमारती दिलेल्या तारखेला उभ्या केल्या होत्या, त्या काही उगाच नाही.

साडेदहाला बादलीतला एक फोन वाजला, वाजतच राहिला. साहेबांनी वैतागून उचलला. व्हायब्रेटरवाल्याचा धाकटा भाऊ गावाहून बोलत होता.

"साहेब, दादाला लगेच पाठवा हो. आईचं काही खरं नाही. सारखी त्याचंच नाव घेतेय."

"पाठवतो," असं म्हणून साहेबांनी खिडकीतून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर व्हायब्रेटरवाला ओल्या काँक्रीटमध्ये थरथरती नळी खुपसून ते घट्ट बसवत एकेक पाऊल मागे सरकत होता. त्याच्यासारखा हात साइटवर दुसऱ्या कुणाचा नव्हता. दुसऱ्याला लावलं तर काँक्रीटमध्ये पोकळ्या राहणार. काम थांबवलं तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा पडणार, आणि छत जन्मभर गळणार. गाव दोन तासांवर होतं. म्हातारी माणसं अशी चार-चार दिवस रेंगाळतात, हे साहेबांनी घरी पाहिलेलं होतं. त्यांनी चहा मागवला.

बाराला परत फोन. "निरोप दिलाय, उतरतोच आहे," साहेबांनी सांगितलं.

दीड वाजता भाऊ रडकुंडीला आला होता. "निदान फोन तरी द्या त्याच्याकडे! आईच्या कानाला लावतोय."

मग नुसता श्वास ऐकू आला. खूप लांबून एक आवाज आला, "बाळा?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर काँक्रीटच्या सहा गाड्या रांगेत उभ्या होत्या.

"हं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

अडीचला वाजला तेव्हा पलीकडे फक्त रडणं होतं.

साडेचारला स्लॅब पुरा झाला. लेव्हल अगदी काटेकोर. व्हायब्रेटरवाला गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखून खाली उतरला. साहेबांनी स्वतः त्याचा फोन त्याच्या हातात दिला, पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "घरी जा. आई गेली."

त्याने फोनमधली कॉलची यादी पाहिली. घरून चार वेळा फोन आलेला, चारही वेळा उचललेला. मला सांगितलं का नाही, असं तो विचारणार, आणि त्याचं उत्तर साहेबांनी तयार ठेवलं होतं. त्याने ते विचारलंच नाही.

"तुम्ही बोललात तिच्याशी? काय म्हणाली?"

 अडचणीतून वाट काढणं हेच तर त्यांचं काम.

"म्हणाली, काम अर्धवट टाकून येऊ नको म्हणावं."

त्याचे डोळे भरून आले. "अशीच होती ती," तो म्हणाला. मग त्याने हात पँटला पुसले, साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.