चालून दाखव

भंडारदऱ्याच्या मास्तरांची सुनीती चार ठिकाणी दाखवून झाली होती आणि चारही ठिकाणांहून नकार आला होता. एकेचाळीस साली पाचवं स्थळ थेट संगमनेरहून चालून आलं, तेव्हा मुलगा आणि त्याचा मामा यायच्या आधी मास्तरांनी अंगण दोनदा झाडून घेतलं. मुलाचा मामा नेहमीच मुलापेक्षा चोखंदळ असतो. या मामांनी पोह्यांची बशी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "मुलीला जरा चालून दाखवू द्या. पायात खोट नको, मागाहून बोलाचाली नको."

"मामा, या एवढ्याशा खोलीत चार पावलांत काय कळणार?" सुनीती पदर खोचत म्हणाली. "रानातून फेरा मारून येऊ. तीनच मैल आहे, फिरून याच अंगणात येतो."

मागणी आपणच केलेली, मामांना नाही म्हणता येईना. मास्तरही मुलाला घेऊन मागे निघाले. हिरड्याच्या झाडीतून सुनीती भराभर चढली. कड्यावर थांबून, "ते खाली धरणाचं पाणी, बघून घ्या," असंही तिने सांगितलं. मामांनी धापा टाकत बघितलं. मुलाची नजर मात्र खास आजच्यासाठी घेतलेल्या कोऱ्या बुटांवरून हलेना.

परतल्यावर मामांनी ओसरीवर अंग टाकलं. "मास्तर, मुलगी पसंत! चालीत नाव ठेवायला जागा नाही."

मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकून लेकीकडे पाहिलं. ती कुंपणाशी आत्ता कुठे पोचत असलेल्या मुलाकडे बघत होती.



"नाना, मुलगा लंगडतोय."