शिल्लक हवा

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी कंपनीच्या नोंदीत ते रोज सकाळी दोन तास हवा घेत होते. हवा विकणाऱ्या याच कंपनीत हिशेब तपासणारी वृंदा कोहपरे त्या नोंदीकडे बघतच राहिली.

चंद्रपुरात शुद्ध हवा तासांवर विकत मिळायची, आणि लोक लग्नाला, वाढदिवसाला हवेची कार्डं भेट द्यायचे. तीन वर्षं न वापरलेल्या कार्डावरची हवा सरकारी दवाखान्याला द्यावी, असा कायदा होता. तो चुकवायला कंपनी खोटा वापर दाखवत होती. अशी नऊ हजार कार्डं वृंदाला सापडली.

"गप्प राहा, बढती देतो," साहेब म्हणाले. तिनं नोकरी सोडली आणि कायद्यानं कुणाही नागरिकाला मुभा होती, तसा सरकारच्या वतीनं दावा लावला.

कोर्टात कंपनीच्या वकिलानं विचारलं, "नोंदीतल्या तारखा चुकल्या असतील. वडिलांनी जिवंतपणीच हवा संपवली नसेल कशावरून?"

"मी दिलेलं कार्ड त्यांनी माझ्या बाळंतपणासाठी राखून ठेवलं होतं," वृंदा म्हणाली. "धाप लागून गेले, पण कार्डाला हात लावू दिला नाही."

वकील खाली बसला.

निकाल तिच्या बाजूनं लागला. दवाखान्यात पहिल्यांदा हवा सोडली, त्या दिवशी ती वॉर्डाच्या काचेबाहेर उभी होती. आत बारा म्हातारे खोकत होते.

"ताई, तुमचं कोण आहे आत?" नर्सनं विचारलं.

"कुणी नाही," वृंदा म्हणाली, आणि बाराही जणांचा श्वास संथ होईपर्यंत तिथून हलली नाही.